सोशिक अवयव

मनुष्याच्या अवयवांपैकीं भाषेनें कोणाचे लाड केले आणि कोणाकडे पाठ फिरविली, याचा हिशेब कोणी मांडील तर तो मोठा मनोरंजक होईल. काळीज फाटतें, काळजाचें पाणी होतें, काळजाचा तुकडा सासरीं जातो. अपराध पोटांत घालतां येतात. नाक कापलें जातें, कान फुंकले जातात, डोळ्यांत तेल घालून पहारा करतां येतो. आणि हात तर दाखविण्यापासून झटकण्यापर्यंत शेंकडों कामांना जुंपलेले आहेत. या दरबारांत मूत्रपिंडाला जागा नाहीं. प्रियकर प्रेयसीला आपलें हृदय अर्पण करितो. मूत्रपिंड अर्पण करण्याची भाषा आमच्या वाचनांत कोठें आलेली नाहीं, आणि तरीहि आज तें खरोखरीच काढून देणारे आईबाप व भावंडें आपल्यांत आहेत.

या उपेक्षेला मराठींत एकच अपवाद आम्हांला सांपडतो, आणि तोहि ओळख बुजलेला. 'एवढें करायला अंगांत गुर्दा लागतो,' असें आपण म्हणतों, तेव्हां आपल्या मनांत धैर्य असतें, धमक असते. परंतु 'गुर्दा' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ मूत्रपिंड. तो शब्द मराठींत आला आणि त्याला धैर्याचा अर्थ चिकटला. तो कसा चिकटला याचा शोध भाषापंडितांनीं घ्यावा. आम्हांला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, तो चपखल बसला आहे. मात्र हें धैर्य तलवार उपसणाऱ्या वीराचें नव्हे. तें मुकाट्यानें सोसणाराचें धैर्य आहे, आणि सोसणारा बोलत नाहीं हीच पुढच्या साऱ्या अनर्थाची मुळी आहे.

पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढीं हीं दोन पिंडें असतात. एकेकाचें वजन सुमारें १५० ग्रॅम, आणि एकेकांत सूक्ष्म गाळण्या सुमारें दहा लाख. हृदय जें रक्त बाहेर लोटतें त्याचा जवळ जवळ पांचवा हिस्सा या दोघांकडे जातो. चोवीस तासांत सुमारें १८० लिटर पाणी या गाळण्यांतून झिरपतें, त्यांतलें बहुतेक सर्व पुन्हा रक्तांत परत घेतलें जातें, आणि उरलेलें दीड-दोन लिटर लघवीच्या रूपानें बाहेर पडतें. एवढा उलाढालीचा कारभार. पण त्याचा आवाज नाहीं. मुतखड्याची कळ माणसाला लोळवते खरी, परंतु ती खड्यानें अडलेल्या वाटेची कळ असते. गाळण्या मरतात तेव्हां कोठें दुखत नाहीं, खुपत नाहीं. एक पिंड काढून दुसऱ्याला दिलें तरी माणूस हिंडतो फिरतो, संसार करितो. अर्धी शक्ति जाईपर्यंत ज्याची तक्रार कानीं येत नाहीं, त्याच्यावर संकट आलें आहे हें ओळखावें तरी कसें, हा प्रश्न अत्यवस्थ रोग्याच्या खाटेपाशीं जितका बिकट होतो तितका अन्यत्र होत नाहीं. आणि तें संकट जेव्हां औषधाच्या रूपानें येतें तेव्हां तर त्याची बिकटता दुप्पट होते, कारण औषधाकडे संशयानें पाहण्याची आपली दृष्टि नसते.

औषध मूत्रपिंडाला कां बाधतें, हें समजण्यास आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना फार लांब जावयास नको. उरण-पेणकडच्या मिठागरांत खाडीचें पाणी घेतात, तें उन्हानें आटतें, आणि ज्या पाण्याची चव आधीं नुसती खारट होती त्याच्या जागीं मिठाचे ढीग उभे राहतात. मूत्रपिंडाच्या नळ्यांत तसेंच घडतें. पाणी परत घेतलें जातें, आणि त्यांत विरघळलेलें औषध मागें राहून दाट होत जातें. शरीरांत अन्यत्र जें सौम्य, तें येथें तीव्र होतें. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखीं जंतुनाशकें तर त्या नळ्यांच्या पेशींत शिरून सांठून राहतात आणि बहुधा पहिला आठवडा सरतां सरतां आपला प्रताप दाखवूं लागतात.

दुसरी रीत निराळी. अंगांतलें पाणी कमी झालें, रक्तदाब उतरला, म्हणजे मूत्रपिंड आपल्याकडे येणाऱ्या रक्ताची वाट स्वतःच्या एका रसायनाच्या बळावर रुंद करून ठेवतें आणि अशा रीतीनें दुष्काळांत दिवस काढतें. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या तें रसायनच तयार होऊं देत नाहींत. निरोगी माणसाला त्याची दाद लागत नाहीं. परंतु ज्वरानें आणि जुलाबांनीं सुकलेला, वयानें वांकलेला माणूस, त्यांत तो रक्तदाबाच्या कांहीं विशिष्ट गोळ्या घेणारा व लघवी वाढविणारें औषध चालू असलेला, त्याच्या पोटांत ही वेदनाशामक गोळी पडली कीं, तीन सज्जनांनीं मिळून एक घर बुडवावें तसा प्रकार होतो. तिन्हीं औषधें योग्य. तिन्हींचें एकत्र येणें अयोग्य. आणि वेळ तर त्याहून अयोग्य.

अतिदक्षता विभागांत पोंचलेल्या रोग्याच्या बाबतींत या दोन्ही वाटा एकदम उघडतात. रक्तदाब खालावलेला, जंतूंचें विष रक्तांत भिनलेलें, आणि औषधें एक ना दोन, दहा-पंधरा. त्यांतलें कोणतेंहि सहज वगळावें असें नसतें. त्यामुळें तेथें मूत्रपिंड बिघडलें तर तें रोगानें कीं औषधानें, हा निवाडा करणें मोठमोठ्या धन्वंतरींनाहि सोपें जात नाहीं.

या निवाड्यासाठीं जो साक्षीदार नेहमीं बोलावितात त्याचें नांव क्रिएटिनिन. स्नायूंच्या रोजच्या झिजेंतून हा पदार्थ रक्तांत उतरतो व मूत्रपिंडें तो बाहेर टाकतात. तीं थकलीं कीं रक्तांतलें त्याचें प्रमाण चढतें. साक्षीदार सच्चा आहे, पण उशिरा येणारा आहे. इजा आज झाली तर आंकडा उद्यां-परवां हलतो. कृश म्हाताऱ्यांच्या अंगीं स्नायूच थोडे, म्हणून त्यांचा आंकडा मुळांत लहान. तो चढला तरी चढल्यासारखा दिसत नाहीं. सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढविलेल्या असल्या तर रक्त पातळ होऊन तो आणखी लपतो.

आमच्या खारेपाटांतील शेतकऱ्याला हें सांगावें लागणार नाहीं. समुद्राचें पाणी शेतांत येऊं नये म्हणून घातलेला बांध एका रात्रींत फुटतो असें आपणांस वाटतें. परंतु तो फोडण्याचें काम खेंकड्यानें कित्येक दिवस आधीं आरंभिलेलें असतें. त्याच्या बिळांतून प्रथम नुसती ओल येते. जाणता माणूस भरतीच्या वेळीं बांधावरून चालतो तो ती ओल पाहण्यासाठीं. खांड पडून खारें पाणी आंत लोटल्यावर तें पाहायला डोळस माणूस लागत नाहीं, आणि मग त्या जमिनींत भात पुन्हा नीट पिकायला कित्येक पावसाळे जावे लागतात. क्रिएटिनिन जेव्हां चार-पांचावर जातें तेव्हां ती खांड आहे. शोधावयाची आहे ती ओल.

ही ओल ओळखण्याची रीत २०१२ सालीं मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें ठरवून दिली, आणि ती इतकी साधी आहे कीं सामान्य वाचकालाहि समजावी. अठ्ठेचाळीस तासांत क्रिएटिनिन ०.३ नें वाढलें, अथवा सात दिवसांत मुळाच्या दीडपट झालें, अथवा सलग सहा तास लघवीचें प्रमाण शरीराच्या दर किलोमागें तासाला अर्ध्या मिलिलिटरहून कमी राहिलें, तर मूत्रपिंडाला इजा झाली असें समजावें. यांत आंकडा किती आहे याला महत्त्व नाहीं. तो कालच्याहून किती हलला याला आहे.

याचा पडताळा आमच्या घरींच आम्हांस पाहावयास मिळाला. आमच्या आत्याबाई अष्टागरांत राहतात. वय चौऱ्याहत्तर, वजन अठ्ठेचाळीस किलो, बोलणें मात्र दोन मणांचें. एका भाद्रपदांत भाताच्या खाचरांतून फिरून आल्यानंतर चार दिवसांनीं त्यांना ताप भरला, अंग मोडून आलें, जुलाब झाले. किनाऱ्यावरच्या पावसाळी तापांत लेप्टोस्पायरोसिसचा संशय प्रथम घ्यावा लागतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनेंहि या रोगाचा मोठा तडाखा सोसला होता. हा रोग स्वतःच मूत्रपिंडावर घाला घालणारा. तिसऱ्या दिवशीं आत्याबाईंचा रक्तदाब इतका उतरला कीं, त्यांना एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत ठेवावें लागलें.

तेथें एक तरुण डॉक्टर होते. त्यांनीं आत्याबाईंना विचारलें, "आजी, घरीं काय काय औषधें घेत होतां?"

"रक्तदाबाची एक, आणि पाय सुजतात त्याची एक. बस."

"आणखी कांहीं?"

"नाहीं हो."

डॉक्टरांनीं आमच्या भावाला घरीं पाठवून सारा डबाच आणविला. स्टीलच्या त्या डब्यांत, सुपारीच्या शेजारीं, वेदनाशामक गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी निघाली. तापाच्या अंगदुखीवर त्यांनीं दिवसांतून तीन-तीन घेतल्या होत्या. डॉक्टरांनीं ती पट्टी त्यांच्यापुढें धरली, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, "अरे बाळा, ही गुडघ्याची गोळी. ही काय औषध म्हणायची?"

हें उत्तर आम्हीं पुढें अनेक घरांत ऐकलें आहे. जें डॉक्टरनें लिहून दिलें तें औषध. जें आपण दुकानांतून आणलें तें औषध नव्हे. काढा औषध नव्हे, चूर्ण औषध नव्हे, शेजारणीनें दिलेली गोळी तर मुळींच नव्हे. मूत्रपिंडाला हा भेद ठाऊक नसतो.

दाखल झाल्या दिवशीं आत्याबाईंचें क्रिएटिनिन ०.८ होतें, दुसऱ्या दिवशीं तें १.१ झालें. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन्ही आंकडे छापील मर्यादेच्या आंत होते. त्यांच्या खालीं ठळक रेघ नव्हती, पुढें बाण नव्हता. घरची मंडळी 'सर्व नॉर्मल आहे' म्हणून समाधान पावली होती. डॉक्टरांनीं मात्र दोन कागद शेजारीं शेजारीं धरले, मग खाटेला लावलेला लघवीचा तक्ता पाहिला. परिचारिका दर तासाला पिशवींतील माप वाचून आंकडा लिहीत असे: ३०, २५, २०, २०, १५, १५. अठ्ठेचाळीस किलोच्या बाईला तासाला चोवीस मिलिलिटर हवी होती. त्याच सायंकाळीं घरच्या तिन्हीं गोळ्या बंद राहतील अशी सूचना ठळक अक्षरांत लिहिली गेली, चालू असलेलें एक जड जंतुनाशक बदलून दुसरें आलें, आणि सलाईनचें प्रमाण पुन्हा ठरविलें गेलें. क्रिएटिनिन पुढें १.९ पर्यंत चढलें, दोन दिवस तेथें रेंगाळलें, आणि मग उतरलें. आत्याबाईंना यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्याची वेळ आली नाहीं.

त्यांना नेमकें कशानें वांचविलें, हें आम्ही छातीला हात लावून सांगूं शकत नाहीं. रोगच सौम्य असेल. औषधें वेळेवर थांबलीं हेंहि असेल. परंतु त्या खोलींत जी यंत्रें लुकलुकत होतीं त्यांतील एकानेंहि मूत्रपिंडाविषयीं सूचना दिली नव्हती. ती दिली एका परिचारिकेच्या अक्षरानें आणि एका डब्यानें. आंत काय गेलें आणि बाहेर काय आलें, या दोन यादी जेथें नीट ठेविल्या जातात तेथें औषधाची इजा लौकर सांपडते, असें आमचें मत त्या दिवसापासून झालें. आणि पुढें जें वाचनांत आलें त्यानें तें दृढच झालें.

मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयांत १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत जें घडलें तें महाराष्ट्रानें विसरूं नये असें आहे. तेथें रोग्यांची लघवी एकाएकीं बंद होऊं लागली, मूत्रपिंडें निकामी झालीं आणि चौदा रोगी दगावले. ज्या विकारांसाठीं ते आले होते त्यांत मूत्रपिंड असें बंद पडण्याचें कारण नव्हतें. त्यांच्या औषधांच्या यादींत मात्र एक नांव सामाईक होतें, तें ग्लिसरॉलचें. मेंदूंतील किंवा डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठीं हें गोड औषध देतात. त्या ग्लिसरॉलांत डायएथिलिन ग्लायकॉल नांवाचें, कारखान्यांत वापरावयाचें विष मिसळलेलें होतें. तें दिसायला तसेंच, चवीलाहि गोड. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी-आयोगानें खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीवर कठोर ताशेरे झाडले. त्या राजकारणांत आम्ही शिरत नाहीं. आमच्या विषयापुरतें त्यांतून घ्यावयाचें तें हें: रोगाला न शोभणारी घटना घडली कीं रोग्याच्या यादीकडे वळावें. यादीच नसती तर चौदा मृत्यू चौदा निरनिराळ्या दुर्दैवांच्या खात्यावर जमा होऊन गेले असते.

हें विष नवें नव्हतें. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फा-औषधाचें एक गोड द्रावण याच द्रव्यांत तयार केलें गेलें आणि शंभराहून अधिक माणसें, त्यांत कित्येक मुलें, प्राणास मुकलीं. त्यांतून १९३८ चा तेथील औषधांचा कायदा जन्मास आला. आणि तें विष जुनेंहि झालें नाहीं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधांतून तेंच बालकांच्या पोटांत गेलें. वीसाहून अधिक मुलें दगावलीं, आणि त्यांतील कित्येकांवरचे शेवटचे उपचार नागपूरच्या रुग्णालयांत झाले. साधा ताप-खोकला झालेल्या मुलाची लघवी थांबते, ही आईच्या नजरेला सर्वांआधीं दिसणारी गोष्ट आहे. तिनें ती सांगावी, आणि ऐकणारानें 'बाटली कोणती दिली?' हें त्याच क्षणीं विचारावें, यापरतें मोठें शास्त्र त्या घटकेला नसतें.

विचारणारें कोणी नसेल तर काय होतें, याचें उदाहरण आमच्या जिल्ह्यानें आकाशांत पाहिलें आहे. आमच्या लहानपणीं गुरें टाकण्याच्या जागीं गिधाडांचे थवे उतरत. पुढें १९९० नंतरच्या दशकांत तीं पाहतां पाहतां नाहींशीं झालीं. त्यांच्या कांहीं जातींची संख्या हिंदुस्थानांत शेंकडा नव्वदांहून अधिक घटली. रोग कोणता, याचा शोध वर्षानुवर्षें चालला. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पाकिस्तानांत केलेल्या संशोधनानें उत्तर दिलें: डायक्लोफिनॅक. दुखणाइत गुराला तें टोंचलेलें असे, गुरूं मरे, गिधाड तें खाई, आणि थोड्याच दिवसांत त्याचीं मूत्रपिंडें बंद पडून यूरिक आम्लाचा पांढरा थर त्याच्या आंतड्या-काळजावर चढे. २००६ सालीं आपल्याकडे जनावरांसाठीं त्या औषधाच्या निर्मितीला बंदी झाली. म्हसळें तालुक्यांतील चिरगांवाच्या परिसरांत गांवकऱ्यांनीं व निसर्गप्रेमी मंडळींनीं उरल्यासुरल्या गिधाडांची वस्ती राखण्याचा उद्योग केला आहे. आत्याबाईंच्या डब्यांतली गोळी आणि हें औषध एकाच कुळांतलें. गिधाडाला खाटेपाशीं तक्ता नव्हता. त्याच्या जातीला त्याची किंमत द्यावी लागली.

येथें एक सावधगिरीचा शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे. हें सर्व वाचून जो कोणी औषधालाच शत्रु मानील, तो आमचा आशय उलटा घेईल. २०२१ च्या उन्हाळ्यांत कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ महाराष्ट्रांत काळ्या बुरशीचा रोग पसरला. त्यावरचें मुख्य अस्त्र अँफोटेरिसिन. तें मूत्रपिंडाला जाचतें हें डॉक्टरांना पुरतें ठाऊक होतें. त्यांतल्या त्यांत सौम्य असा जो स्निग्ध कणांत बांधलेला प्रकार, तो महाग आणि त्या दिवसांत दुर्मिळ. परंतु न द्यावें तर बुरशी डोळा खाई आणि मेंदूंत शिरे. तेव्हां देणेंच प्राप्त होतें. मग तें देण्यापूर्वीं सलाईन चढवावयाचें, क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा तपासावयाचें, रक्तांतील पोटॅशियम व मॅग्नेशियम घटूं लागलें कीं भरून काढावयाचें. असा तो खेळ खेळला गेला. धोक्याचें औषध डोळे उघडे ठेवून देणें हा वैद्याचा गुर्दा होय. घरच्यांनीं परस्पर गोळी बंद करणें हा गुर्दा नव्हे, तो आततायीपणा. आपलें काम सांगण्याचें व विचारण्याचें, थांबविण्याचें नव्हे.

विज्ञानहि स्वस्थ बसलेलें नाहीं. क्रिएटिनिनच्या आधीं बोलतील असे नवे साक्षीदार त्यानें शोधले आहेत. नळ्यांच्या पेशी दुखावल्या कीं त्या कांहीं विशिष्ट प्रथिनें लघवींत सोडतात. एन्‌गॅल, किम-१ हीं त्यांचीं नांवें. पेशींवरचा ताण आधींच दाखविणाऱ्या दोन प्रथिनांच्या एका चांचणीला २०१४ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. २०१३ पासून आणखी एक युक्ति चर्चेंत आहे: फ्युरोसेमाइड हें लघवी वाढविणारें औषध ठरावीक मात्रेंत देऊन पाहावें, दोन तासांत २०० मिलिलिटरहि लघवी झाली नाहीं, तर पुढें बिघाड वाढण्याचा संभव अधिक. आणि जुनें सूक्ष्मदर्शक तर आहेच. नळ्या सोलवटल्या असतील तर लघवीच्या थेंबांत गढूळ तपकिरी रंगाचे सांचे दिसतात. त्याला तज्ज्ञाचा डोळा आणि पांच-दहा मिनिटें लागतात. नव्या चांचण्या महाग आहेत आणि मुख्यतः मोठ्या शहरांच्या रुग्णालयांत होतात. शिवाय मूत्रपिंडाला इजा झाली एवढेंच त्या सांगतात, ती कोणत्या औषधानें केली हें त्या सांगत नाहींत. गुन्हा झाला हें कळलें तरी गुन्हेगार धरायला पुन्हा यादीच उघडावी लागते.

उलट लघवीच्या तक्त्यावरहि आंधळा विश्वास ठेवतां येत नाहीं, हें सांगणें प्रामाणिकपणाचें आहे. जेंटामायसिनासारख्या औषधांनीं इजा केली तर पुष्कळदां लघवी भरपूर होत राहते आणि क्रिएटिनिन मात्र चढत असतें. म्हणून एकट्या मापावर निवाडा नाहीं, एकट्या आंकड्यावरहि नाहीं; दोन्ही कागद आणि तिसरी औषधांची यादी, अशीं तीन पानें शेजारीं ठेवून रोज वाचणारा एक माणूस पाहिजे.

आणि आमच्या किनाऱ्यावर नेमकें हेंच बिनसतें. अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनकडचा रोगी फार हातांतून जातो. आधीं गांवचा डॉक्टर, तेथें एक इंजेक्शन. मग तालुक्याचें गांव, तेथें दुसरें. मग रात्रीं रुग्णवाहिकेंतून वडखळच्या नाक्यावरून पनवेल किंवा मुंबई. पावसाळ्यांत मांडव्याहून गेटवेकडे जाणाऱ्या लांचा बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याची मोठी बोट झाली आहे, पण समुद्र खवळला कीं तीहि अडते. अशा प्रवासांत रोग्याबरोबर कपडे येतात, चादर येते, देवाचा अंगारा येतो. यादी येत नाहीं. मुंबईच्या डॉक्टरापुढें जेव्हां तो रोगी ठेवला जातो, तेव्हां गेल्या तीन दिवसांत त्याच्या शरीरांत काय काय गेलें हें जाणणारा मनुष्य दीडशें कोसांवर नव्हे, तर दाराबाहेरच्या बांकावरच बसलेला असतो. पण त्याला कोणी विचारीत नाहीं, आणि तोहि भिडेनें बोलत नाहीं.

म्हणून आमची सुशिक्षित कुटुंबांना विनंती आहे कीं, घरांतल्या प्रत्येक वडील माणसाच्या औषधांची एक यादी करून ठेवावी, आणि तींत गुडघ्याची गोळी, काढा, चूर्ण, झोंपेचें औषध, सर्व कांहीं लिहावें. शेवटचें क्रिएटिनिन किती होतें व कोणत्या तारखेला, हेंहि लिहावें. कारण कालचा आंकडा असल्यावांचून आजच्या आंकड्याला अर्थ येत नाहीं. रुग्णालयांत जातांना रिकाम्या पट्ट्यासुद्धां बरोबर घ्याव्या. वाटेंत कोणीं काय टोंचलें त्याची चिठ्ठी मागून घ्यावी. रोगी आंत असतांना रोज एकदां, नम्रपणें, दोन गोष्टी विचाराव्या: लघवी काल किती झाली, आणि क्रिएटिनिन कालच्याहून किती हललें? चांगल्या डॉक्टराला या प्रश्नाचा राग येत नाहीं. आमचा अनुभव असा कीं, त्याला हायसें वाटतें.

हें काम अवघड नाहीं. ज्या घरांत दुधाचा रतीब दिनदर्शिकेच्या चौकटींत लिहिला जातो, ज्या घरांत 'मंगळवारीं अर्धा लिटर जास्त' ही नोंद महिनाअखेर बिनचूक सांपडते, त्या घराला आत्याबाईंच्या चार गोळ्यांची नोंद जड जाण्याचें कांहींच कारण नाहीं.